चारशे दोनची हरकत

गोदाप्रसाद सहकारी गृहनिर्माण संस्था माझ्या मुठीत आहे, हे मला केंद्र सरकारने कळवलं. तोपर्यंत मला त्याचा पत्ताच नव्हता.

मी कुंदा निकुंभ. नाशिकच्या एका मराठी शाळेत लहान मुलांना गणित शिकवत निवृत्त झाले. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं खोदून खोदून विचारणारी माणसंही आता उरली नाहीत. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमची सोसायटी आहे, तिथे चौथ्या मजल्यावर चारशे दोनमध्ये राहते. सगळे मला 'बाई' म्हणतात, म्हणजे हाक मारायची वेळ आली तर. मनातल्या मनात मी महाभांडखोर आहे. कोणी आडवी गाडी लावली, कोणाचं उडतं पार्सल माझ्या तुळशीवर आदळलं, की मी मनात त्याचा असा उद्धार करते की काही विचारू नका. तोंडाने मात्र जन्मभर एकच वाक्य बोलत आले: "काही हरकत नाही."

तर त्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात आमचे सेक्रेटरी, प्रभाकर दातीर. समोरच्याच चारशे एकमध्ये राहतात. बऱ्याच वर्षांपासून तेच सेक्रेटरी आहेत, कारण ते काम दुसऱ्या कोणाला नको असतं. घरात माणूस आलं याचाच मला एवढा आनंद झाला की काम न विचारता मी चहा टाकला.

केंद्र सरकारचं पत्र हातात धरून दातीर सोफ्याच्या अगदी कडेवर टेकले. "बाई, तुम्ही आमच्या नियंत्रक निघालात."

"काय निघाले?"

"वास्तविक नियंत्रक. सोसायटी तुम्ही चालवता म्हणे."

मी हसले. ते हसले नाहीत.

हा नियम मुळात कंपन्यांसाठी होता. कागदावर एकाचं नाव, मालमत्ता भलत्याचीच, असले प्रकार फार झाले तेव्हा केंद्राने सांगितलं, नावापुरता मालक नको, खरा कोण ते कळवा. मग लोक सोसायट्यांच्या आड फ्लॅट दडवायला लागले, बाहेर बसून कमिट्या चालवायला लागले, आणि नियम सोसायट्यांनाही लागला. अध्यक्षाच्या खुर्चीवर कोण बसतं हे सरकारला नको होतं, कोणाचं चालतं ते हवं होतं. आता हे माणसांना विचारून कोण खरं सांगणार आहे? म्हणून ते काम यंत्राकडे गेलं.

यंत्र सोसायटीतली सगळी बोलणी घेतं. ग्रुपवरचे मेसेज, सभांची रेकॉर्डिंग, आणि प्रत्येक मजल्यावर लिफ्टजवळ बसवलेला तो बोलका पडदा. त्याला आपण 'पार्सल वर पाठव' म्हणतो आणि पुढे तो ऐकतच असतो हे विसरून जातो. या सगळ्यातून यंत्र सोसायटीची एक नक्कल उभी करतं. कोण कोणाचं ऐकतो, कोण कोणामुळे गप्प बसतो, सगळं त्यात असतं. मग त्या नकलेतून एकेका माणसाला काढून टाकतं आणि जुने निर्णय पुन्हा घेऊन बघतं. निर्णय तोच आला तर त्या माणसाचा प्रभाव शून्य. निर्णय फिरला तर तेवढा त्याचा प्रभाव. आमटीतला एकेक जिन्नस वगळून चव घेऊन बघावी, तसं. याला वजाबाकी पद्धत म्हणतात. जन्मभर पोरांना हातचे शिकवले, त्यामुळे मला हे लगेच समजलं.

"अध्यक्षांना वजा केलं, काही फरक नाही," दातीर म्हणाले. "मला वजा केलं, थोडाफार पडला. आणि बाई, तुम्हाला वजा केलं तर निम्म्याहून जास्त निर्णय उलटे झाले."

"अहो, मी सभेत तोंडसुद्धा उघडत नाही!"

"तेच ना," ते म्हणाले, आणि कपात बघत राहिले.

आता माझ्यापुढे दोन वाटा होत्या. गप्प राहिले तर मी नियंत्रक ठरणार, आणि सोसायटीचा एकही निर्णय माझ्या संमतीशिवाय पुढे सरकणार नाही. नाहीतर आक्षेप नोंदवायचा. तोवर माझं नाव सरकारी नोंदणीपटावर झळकणार, कोणीही उघडून बघावं असं.

"मग काय करताय?" दातीरांनी विचारलं.

"करते विचार," मी म्हणाले. "काही हरकत नाही."

ते उठून गेले. चहा तसाच होता.

आणि मग काय सांगू! सगळ्यांचे पाय माझ्या घराकडे वळले. तिसऱ्या मजल्यावरच्या देवरेबाई एरवी लिफ्टमध्ये मोबाईलमधून मान वर काढत नाहीत, त्या शेवग्याच्या शेंगांची आमटी घेऊन आल्या. सौर पॅनेलवाले आले, गच्चीवर मिरच्या वाळवणाऱ्या आल्या, कुत्रेवाले कुत्र्यासकट आले. "बाई, तुमची तब्येत कशी आहे?" कधी नव्हे ते लोकांना माझ्या तब्येतीची काळजी वाटायला लागली. मनात मी एकेकाला सोलत होते, पण खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं. संध्याकाळी बेल वाजेल म्हणून मी साडी बदलून बसायला लागले. कपांचा नवा सेट काढला. तो मी हेमासाठी घेतला होता, पण तो निघेपर्यंत हेमा येईनाशी झाली होती.

हेमा म्हणजे हेमलता कुलथे, ब विंगमधली. माझी एकुलती एक मैत्रीण. ती रोज संध्याकाळी यायची. आम्ही घरात बसत नव्हतो, बाहेर लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत बसायचो. तिथे मोठी खिडकी आहे, वारा येतो, येणारं-जाणारं माणूस दिसतं. मी आतून बसायला वेताचा एक मोडा आणायची, तो डुगडुगतो म्हणून ती माझ्या उंबऱ्यावर बसायची. तिचे गुडघे दुखायचे, उठताना माझा हात लागायचा. एके दिवशी ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. म्हटलं, तिला नको असेल तर आपण कशाला मागे लागायचं? ती जिन्यात दिसली तर मान हलवायची आणि पुढे जायची. मग घर विकून ती मुलाकडे जळगावला गेली. जाताना भेटलीसुद्धा नाही. त्याला आता चार वर्षं झाली. मोडा मी माळ्यावर टाकला.

नियमाने नियंत्रकाला एक हक्क असतो. यंत्राने ज्यावरून निष्कर्ष काढला ते ऐकता येतं, जिथे आपलं नाव आलं तेवढं. आपण एवढ्या कोण मोठ्या लागून गेलो ते बघू या, म्हणून मी एका दुपारी टॅबवर ऐकायला बसले.

पहिल्यांदा अंगावर काटा आला. माझं नाव! किती आवाजांत! गेली कितीतरी वर्षं या घरात माझं नाव फक्त बँकेचं यंत्र घेत होतं, आणि इथे अख्खी सोसायटी माझ्याबद्दल बोलत होती.

"व्यायामशाळा? छान कल्पना आहे हो, पण चारशे दोनच्या बाईंची हरकत आहे."

"कोजागिरी गच्चीवर नको. बाईंना आवाजाचा त्रास होतो."

"पोरांनो, इथे खेळायचं नाही. वर बाई आहेत ना, त्या तक्रार करतात."

मी पुन्हा लावलं. पुन्हा ऐकलं. मी तक्रार करते? त्या पोरांचा गलका खिडकीतून यायचा तेव्हा मी रेडिओ बंद करून ऐकत बसायची! तो थांबला तेव्हा मला वाटलं होतं, पोरं मोठी झाली.

एकटे दातीर नव्हते, सगळेच होते. ज्याला 'नाही' म्हणायचं होतं त्याने माझं नाव पुढे केलं होतं. देवरेबाईंनी तर कमाल केली होती. त्यांच्या नणंदेला महिनाभर राहायला यायचं होतं, तर त्या लिफ्टजवळ उभ्या राहून फोनवर सांगत होत्या, "अगं ये ना, माझं काही नाही, पण वरच्या बाई फार कटकट करतात पाहुण्यांची." मी त्यांच्या वर राहते एवढाच माझा गुन्हा. मी कोणाच्या घरी जात नव्हते, कोणी मला काही विचारायला येत नव्हतं, म्हणून माझ्या नावावर काहीही खपत होतं. यंत्राला बिचाऱ्याला काय कळणार? माझं नाव निघालं की वाद संपतो एवढं त्याला दिसलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

मग एका ठिकाणी हेमाचा आवाज आला.

"दातीरभाऊ, चौथ्या मजल्यावर लिफ्टसमोर एक छोटंसं बाक ठेवलं तर? मला उंबऱ्यावरून उठवत नाही हो आता."

"हेमाताई, माझं काही नाही," दातीर म्हणाले. "बाईंचीच हरकत आहे. रोज रोज दारात बसणं नको वाटतं त्यांना, असं काहीतरी म्हणत होत्या."

हेमा म्हणाली, "असं म्हणाली ती?"

"तुम्ही काही बोलू नका हं त्यांना. उगाच वाईट वाटून घेतील."

"नाही बोलणार."

मग लिफ्टचा आवाज: दार बंद होत आहे.

मी टॅब पालथा घातला आणि रडले. चांगली हमसून हमसून रडले. चार वर्षं मी त्या बाईला मनात शिव्या घालत होते.

तोंड धुऊन जळगावला फोन लावला.

"हॅलो, बोला," हेमा म्हणाली. माझा नंबर तिला दिसत असणार, तरी 'बोला'.

"हेमे, मी कुंदा. अगं, ते बाक... मी नाही म्हटलेलं नव्हतं गं. मला कोणी विचारलंच नव्हतं."

"आता कशाला तो विषय?" ती शांतपणे म्हणाली. "सोसायटी तूच चालवतेस म्हणे. मुलाने दाखवलं मला मोबाईलवर. सरकारी आहे ना ते? तुझ्या हरकतीवर सगळं चालतं असं यंत्रानेच सांगितलंय."

"ते चुकलंय."

"सगळेच चुकले, तू तेवढी बरोबर. ठेवते हं, नातू आलाय."

फोन ठेवला तिने. मी काहीही सांगितलं असतं तरी तिच्याकडे आता सरकारचा दाखला होता. म्हणजे तो दाखला खोटा पाडल्याशिवाय हेमा माझ्यावर विश्वास ठेवणार नव्हती.

मी तशीच समोरच्या दाराची बेल दाबली. दातीर बनियनवर होते, मला बघून आत जाऊन शर्ट घालून आले. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांच्या दारात उभी होते.

"मी ऐकलं सगळं," मी म्हणाले. "बाकाचंसुद्धा."

त्यांनी मान खाली घातली. "बाई, एकाला बाक दिलं की प्रत्येक मजल्यावर मागतात. मग चपलांची कपाटं येतात, सायकली येतात. मला नको होतं ते."

"मग तसं सांगायचं तिला. मला एकदा विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

माझ्या जिभेवर जे आलं ते मी गिळलं.

"'काही हरकत नाही' म्हणाला असता," दातीर म्हणाले. "कशालाही तुम्ही तेच म्हणता. मग मला नाही कसं म्हणता आलं असतं?"

मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि माणूस खरं बोलत होता.

"मी आक्षेप घेणार आहे," मी म्हणाले.

"घ्या बाई. तुमचा हक्क आहे." मग म्हणाले, "पण मग तुमच्याकडे कोणी फिरकणार नाही. काळजीने सांगतोय."

ते मलाही ठाऊक होतं. त्या संध्याकाळी मी बेलची वाट बघत बसले होते आणि मनात हिशेब चालू होता. गप्प बसले तर घर भरलेलं राहील. लोक आमटी आणतील, तब्येत विचारतील, मुलांना माझ्या पाया पडायला लावतील. आणि जळगावात एक बाई मरेपर्यंत समजत राहील की कुंदाला मी दारात नको होते.

सुनावणी पडद्यावरच झाली. अधिकारी म्हणून श्रीमती उईके होत्या, नागपूरच्या, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी सगळं आधी ऐकून ठेवलं होतं.

"निकुंभ मॅडम, नीट समजून घ्या," त्या म्हणाल्या. "आक्षेप मान्य झाला तर तुमच्या नावाने सांगितलेल्या, पण तुम्ही न घेतलेल्या सगळ्या हरकती काढून टाकल्या जातील. ज्यांना ज्यांना तसं खोटं सांगितलं गेलं, त्या प्रत्येकाला दुरुस्तीचं पत्र जाईल."

"जळगावलाही जाईल?"

"कुठेही असोत, जाईल. पण मग यंत्र तुमचा प्रभाव नव्याने मोजेल. जो आकडा येईल तोच नोंदणीपटावर राहील, तो लपवता येत नाही."

"किती येईल?"

त्या बाईला उत्तर माहीत होतं. तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "ते मला आधी सांगता येत नाही," ती म्हणाली. "मला फक्त एक विचारायचं आहे, आणि ते तुमच्या तोंडून रेकॉर्डवर यावं लागतं. आहे तीच नोंद कायम ठेवायला तुमची काही हरकत आहे का?"

इतकी वर्षं जीभ एकाच वळणावर गेलेली. ती आपोआप तिकडे वळायला लागली होती. मी दात आवळले.

"हरकत आहे," मी म्हणाले.

श्रीमती उईके किंचित हसल्या. "नोंदवते मॅडम."

निकाल आला. सोसायटीच्या सभेत दातीरांनी तो वाचून दाखवला: संस्थेत कोणीही वास्तविक नियंत्रक आढळला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खोटं सांगितल्याबद्दल दातीरांना समज मिळाली होती, म्हणून त्यांनी सेक्रेटरीपदाचा राजीनामा दिला. मग नवा सेक्रेटरी कोण म्हणून विचारलं, कोणीच हात वर केला नाही, आणि दातीर पुन्हा सर्वानुमते सेक्रेटरी झाले.

सदस्यांच्या आकड्यांत माझ्या नावापुढे शून्य होतं. देवरेबाईंच्या पुढेसुद्धा काहीतरी होतं, शून्यानंतर टिंब देऊन का होईना. माझ्यापुढे नुसतं शून्य, आणि खाली एक ओळ: या व्यक्तीस वजा केल्यास कोणत्याही निर्णयात फरक पडत नाही. वर्गात मी पोरांना सांगायचे, कशातूनही शून्य वजा केलं तर तेवढंच उरतं. हे वाक्य किती वाईट आहे ते मला त्या दिवशी कळलं. मनाला फार लागलं. मीच मागून घेतलं होतं, तरीही.

बेल बंद झाली. देवरेबाई पुन्हा मोबाईलमध्ये बघायला लागल्या. आता त्यात थोडा रागही होता, कारण नणंदेलाही पत्र गेलं होतं आणि ती बॅग भरून आली होती.

मी माळ्यावरून मोडा काढला. मग तो ठेवून दिला आणि बाजारातून दोन खुर्च्या आणल्या, हाताला टेकू असलेल्या, गुडघे दुखणाऱ्याला उठता येईल अशा. कोणाला न विचारता लिफ्टसमोर खिडकीशी मांडल्या आणि एकीवर बसले.

दातीर लिफ्टमधून बाहेर आले. खुर्च्या बघितल्या, मला बघितलं.

"बाई, हे इथे ठेवता येणार नाही. लोकांची हरकत आहे."

"कोणाची? नाव सांगा."

त्यांनी तोंड उघडलं. इकडे खाली देवऱ्यांच्या मजल्याकडे बघितलं, तिकडे बोलक्या पडद्याकडे बघितलं. मला त्यांची दया आली, खरं सांगते. घाम आला होता माणसाला.

"माझी," अखेर ते म्हणाले. "माझी हरकत आहे."

"बरं झालं सांगितलंत," मी म्हणाले. "पुढच्या सभेत मांडा. मी येईन, बोलेनही."

ते घरात गेले. दार लावताना जरा हळूच लावलं. सभा अजून व्हायची आहे, खुर्च्या अजून तिथेच आहेत.

हेमाचा फोन त्याच आठवड्यात आला, संध्याकाळी, मी बाहेर बसलेली असतानाच.

"कुंदे," ती म्हणाली. "पत्र आलं गं."

मी फोन स्पीकरवर टाकला आणि दुसऱ्या खुर्चीवर ठेवला.

"तू एकदा विचारलं असतंस तर," मी म्हणाले.

"तू तरी कुठे विचारलंस, का येत नाहीस म्हणून?"

"नाही विचारलं."

"मूर्ख आहोत आपण."

"आहोतच."

मग आम्ही बोलत बसलो. तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं ते फसलं. जळगावचं ऊन, सुनेचं ऑफिस, नातवाची भाषा जी तिला अर्धीच कळते. तिलाही दिवसभर कोणी नसतं. मी खुर्च्यांचं सांगितलं. टेकू आहे म्हटलं, तुला उठता येईल. खिडकीतून वारा येत होता, लिफ्ट वर-खाली करत होती, कोणीतरी आमच्या मजल्यावर उतरलं आणि फोनशी बोलणाऱ्या म्हातारीकडे बघून गेलं.

"ये ना गं हेमे," मी म्हणाले. "थोडे दिवस. माझ्याकडे राहा."

तिकडे मागे कोणीतरी तिला हाक मारत होतं.

"बघू," हेमा म्हणाली.

बघू. शाळेत पोरांच्या आया सहलीचं विचारायच्या तेव्हा मीही 'बघू' म्हणायची. एकदासुद्धा त्याचा अर्थ 'हो' नव्हता.

"काही हरकत नाही," मी म्हणाले.

"कुंदे, खरं सांग. आहे का हरकत?"

"आहे," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. "आहे गं, फार आहे."

ती काही बोलली नाही, पण तिने फोनही ठेवला नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही तशाच बसून राहिलो.